काँक्रीटला भेगा का पडतात?

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातले गाव. वर कपाशीची काळी जमीन आणि पोटात चुनखडीचा दगड, असा हा सगळा मुलूख आहे. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यातल्या याच दगडाच्या जोरावर पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. आणि २०२२ साली खुद्द मुकुटबनला वर्षाकाठी ३९ लाख टन सिमेंट काढू शकेल असा मोठा कारखाना सुरू झाला. म्हणजे सिमेंट ही आता इथल्या माणसाला दूरदेशची वस्तू राहिलेली नाही. ती त्याच्या शेजारच्या शिवारातून निघते.

आणि तरीसुद्धा याच मुलखात नव्या घराला वर्ष होत नाही तोच गच्चीला भेग जाते. पहिल्या पावसात छत झिरपू लागते. घरधनी म्हणतो, सिमेंटच हलके मिळाले. मिस्त्री म्हणतो, रेतीत माती होती. शेजारी म्हणतो, मुहूर्त चुकला असेल. आपण या तिघांनाही जरा ओट्यावर बसवू आणि ती भेग स्वतः काय सांगते ते ऐकू. कारण भेग मुकी नसते. ती कुठे पडली, कशी पडली आणि केव्हा पडली, या तीन प्रश्नांत तिचे सारे चरित्र येऊन जाते.

आधी काँक्रीट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र दळून, सुमारे १४५० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजून, तिच्या गोळ्या पुन्हा थोड्या जिप्समबरोबर दळल्या की सिमेंट होते. इंग्लंडातल्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या एका गवंड्याने १८२४ साली याचे पहिले पेटंट घेतले आणि तिकडच्या पोर्टलंड दगडासारखे दिसते म्हणून त्याला ‘पोर्टलंड सिमेंट’ असे नाव दिले. या सिमेंटात रेती, गिट्टी आणि पाणी मिसळले की काँक्रीट तयार होते.

आता इथेच आपली एक मोठी गैरसमजूत आहे. मातीची भिंत उन्हात वाळते आणि कडक होते. विटा थापल्या की आपण त्यांना ऊन देतो. त्या सवयीने आपल्याला वाटते की काँक्रीटही वाळून कडक होते. तसे नाही, बरं का! काँक्रीट वाळून कडक होत नाही. ते पाणी पिऊन कडक होते. सिमेंटच्या प्रत्येक कणाचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो, त्यातून बारीक सुयांसारखे आणि पापुद्र्यांसारखे स्फटिक वाढतात आणि ते एकमेकांत गुंतून रेती-गिट्टीला घट्ट धरतात. ही वाढ काही एका दिवसात संपत नाही. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश बळ येते. २८ दिवसांत जे बळ येते, ते आपण हिशेबाला धरतो. या मुदतीत पाणी तुटले की वाढ थांबते. पेरलेल्या रोपाला आठव्या दिवशी पाणी बंद करावे, तसाच हा प्रकार आहे.

मग कोणी म्हणेल, पाणी एवढे गुणकारी आहे तर कालवतानाच भरपूर घालू! नाही. कालवण्याचे पाणी वेगळे आणि वरून पाजण्याचे पाणी वेगळे. हिशेब पाहा. ५० किलोच्या एका पोत्याला पुरते मुरण्यासाठी २० लिटरांच्या आसपास पाणी लागते. माल फिरावा, सळयांच्या खाली जावा, म्हणून आपण २५ ते २७ लिटरपर्यंत घालतो. पण माल ‘चालावा’ म्हणून घमेल्यावाले आणि मिस्त्री मिळून ३५-४० लिटर ओततात. हे जास्तीचे पाणी सिमेंटच्या कामाचे नसते. ते पुढे हळूहळू उडून जाते आणि जाताना आपल्या जागी बारीक पोकळ्या ठेवून जाते. काँक्रीट कमजोर होते, आणि शिवाय आक्रसते. पावसाळ्यात रेती ओली असेल तर तिच्यातले पाणीसुद्धा या हिशेबात धरले पाहिजे. म्हणून बादली मोजून घाला. डोळ्यांच्या अंदाजाने पाइप सोडू नका.

दुसरी गोष्ट काँक्रीटच्या स्वभावाची आहे. त्याच्यावर ओझे ठेवा, ते मुकाट्याने सोसते. पण त्याला ताणा, ते लगेच हार खाते. दाब सोसण्याची त्याची जी ताकद, तिच्या जेमतेम एक-दशांश ताकद ताण सोसण्याची. फळ्यावर लिहायचा खडू हातात घेऊन पाहा. तो उभा दाबला तर सहज तुटत नाही. दोन्ही टोके धरून वाकवला की कट्‌कन मोडतो. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. एका खडूच्या किमतीत स्थापत्यशास्त्राचा पहिला धडा होतो. काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घालतात त्या याच उणिवेसाठी. जिथे ताण येतो तिथे सळई, हा नियम. छताच्या पोटाला ताण येतो म्हणून सळया खालच्या अंगाला. आणि भिंतीबाहेर काढलेल्या सज्जाला वरच्या अंगाला ताण येतो म्हणून त्याच्या सळया वरच्या अंगाला. सज्जाच्या सळया मजुरांच्या पायांखाली तुडवून खाली गेल्या की सज्जा भिंतीपाशी फाटतो. सेंटरिंग काढताच असे सज्जे खाली आलेले आहेत. तेव्हा माल टाकताना तिथे एक माणूस नुसता सळया सांभाळायला उभा करा.

आता भेगांकडे वळू.

पहिली भेग माल टाकल्यानंतर काही तासांतच पडते. कुंभार ओले मडके कधी भर उन्हात ठेवत नाही, सावलीत सुकवतो. वरचे अंग झपाट्याने सुकले आणि आतले ओले राहिले तर मडके तडकते, हे त्याला शास्त्र न शिकता कळलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वारा भाजतो, आणि त्याच महिन्यात आपण स्लॅब टाकतो, कारण पावसाळ्याच्या आत छत व्हावे अशी घाई असते. दुपारी बाराला टाकलेल्या स्लॅबच्या अंगावरचे पाणी खालून वर येण्याच्या आधीच वारा पिऊन टाकतो. अजून बळ न आलेली ती कातडी आक्रसते आणि तिच्यावर तिरप्या, एकमेकींना समांतर भेगा उमटतात. याला उपाय सोपा आहे. शक्य असेल तर स्लॅबचे काम कार्तिक ते माघ या थंड दिवसांत धरा. उन्हाळ्यात करणे भागच असेल तर पहाटे सुरू करा किंवा ऊन कलल्यावर घ्या. गिट्टीचा ढीग सावलीत ठेवा, तिच्यावर पाणी शिंपडून ती आदल्या दिवसापासून थंड करा, आणि पाणी मातीच्या रांजणातले किंवा झाकलेल्या टाकीतले वापरा. माल दाबून सारखा केला की लगेच ओले गोणपाट किंवा प्लास्टिकचा कागद पसरा. आणि माल अजून हिरवा असताना भेग दिसली, तर लाकडी गुरमाळ्याने ठोकून, दाबून ती तिथल्या तिथे मिटवा. दोन तासांनी हे काम होत नाही.

दुसरी भेग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येते. ती वाळण्याच्या आकुंचनाची. बांधकामाच्या भारतीय मानकात हिशेबासाठी असे धरले आहे की काँक्रीट दर मीटरला साधारण ०.३ मिलिमीटर आक्रसते. म्हणजे दहा मीटर लांबीचा स्लॅब तीन मिलिमीटर आखूड व्हायला पाहतो. पण त्याला भिंतींनी, बीमांनी चारी बाजूंनी धरलेले असते. आणि ताणले तर ते काँक्रीट दहा मीटरमागे एक-दीड मिलिमीटर एवढेच सहन करते. तीन मागितले आणि दीड मिळाले. उरलेल्याची भेग होते. सळया असतील तर ही एक मोठी भेग अनेक केसासारख्या भेगांत वाटली जाते, आणि त्या दिसतही नाहीत. म्हणूनच मिस्त्रीने ‘इकडची सळई वाचवली’ म्हणून सांगितले तर आनंद मानू नये.

यावरचा खरा उपाय म्हणजे पाणी मारणे. साध्या सिमेंटला मानकाप्रमाणे निदान सात दिवस, आणि आपल्यासारख्या कोरड्या, तप्त हवेत दहा दिवसांपेक्षा कमी नाही. आज बाजारात मिळते ते बहुतेक सिमेंट औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेले असते. ते वाईट नाही. उलट पुढे अधिक टिकाऊ ठरते. पण त्याला बळ सावकाश येते, म्हणून त्याला चौदा दिवस द्यावे. आणि पाणी मारणे म्हणजे सकाळ-संध्याकाळ नळीने फवारा उडवणे नव्हे. दुपारी स्लॅब कोरडा पडला की सकाळचे श्रम वाया जातात. स्लॅबवर मातीचे किंवा मालाचे छोटे वाफे पाडा, शेतात पाणी बांधतो तसे, आणि त्यांत दोन बोटे पाणी उभे ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवा.

इथे मोठी अडचण आहे ती मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात जिथे प्यायचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे छताला रोज पाणी पाजा म्हणणे सोपे आणि पाजणे कठीण. हे पाणी बहुधा घरातल्या बायाच वाहतात. म्हणून तर थंडीतले काम अधिक शहाणपणाचे. थंडीत विहिरीला पाणी असते आणि उडतेही कमी. तेही जमत नसेल तर वाफ्यातल्या पाण्यावर प्लास्टिकचा कागद झाका, गोणपाटावर तणस घाला. निम्म्याहून कमी पाण्यात काम भागते. पाहुण्यांच्या जेवणावर आणि रंगावर होणारा खर्च थोडा मागे ठेवून दोन टँकर पाण्याला द्यावा, हा सौदा तोट्याचा नाही.

तिसरे कारण उष्णता. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो ती लाल होईपर्यंत तापवून. वरून पाणी पडले की ती आक्रसते आणि चाकाला करकचून धरते. काँक्रीटचेही तसेच आहे. तापमान तीस अंशांनी उतरले की दहा मीटरचा स्लॅब तीन मिलिमीटर आखूड होतो. कवेलूच्या घराला ही पंचाईत नसे. प्रत्येक कवेलू आपापल्या जागी सुटे, हवे तेवढे हलते. स्लॅब मात्र अखंड. म्हणून लांबलचक शाळांच्या इमारतींत आणि ओट्यांत ठरावीक अंतरावर सांधे सोडतात. आपण सांधा दिला नाही, तर काँक्रीट तो स्वतः पाडून घेते आणि आपण त्याला भेग म्हणतो. अमेरिकेतले हूवर धरण १९३० नंतरच्या दशकात बांधले, तेव्हा सिमेंट मुरताना निघणारी उष्णता काढून घेण्यासाठी त्याच्या पोटात नळ्या टाकून थंड पाणी खेळवले होते आणि काम ठोकळ्या-ठोकळ्यांनी केले होते. तत्त्व तेच, आपण गच्चीवर चुना किंवा पांढरा रंग देऊन ऊन परतवतो, तेही त्याच घराण्यातले.

चौथे कारण आपल्या पायांखाली आहे. काळी जमीन उन्हाळ्यात कशी फाटते ते शेतकऱ्याला सांगायला नको. भेगेत हात जातो. पावसाळ्यात तीच जमीन फुगते. ज्या घराचा पाया या फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या थरातच बसला आहे, ते घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खाली बसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. मग खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या, पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या भेगा पडतात; उन्हाळ्यात रुंद, पावसाळ्यात अरुंद. इथे सिमेंटचा आणि मिस्त्रीचा दोष नाही. दोष उथळ पायाचा. अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत किंवा जिथे ओल वर्षभर सारखी राहते त्या खोलीपर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर खाली कंदासारखा फुगवटा असलेले खांब जमिनीत ओततात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही रीत आपल्या देशात रुजवली. जुन्या घराला निदान एवढे करा: भोवती दीड-दोन मीटर रुंदीचा उताराचा ओटा घाला, छताचे आणि न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका, आणि मोठे झाड भिंतीला लागून लावू नका.

पाचवे कारण सर्वांत लबाड आहे. ते गंज. लोखंड गंजले की त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते. आत एवढी जागा कुठली? मग ते काँक्रीटला आतून फोडते. सळईच्या रेषेवर सरळ भेग येते, तिच्यातून तांबूस डाग उतरतो, आणि एके दिवशी खपली खाली पडते. कारण बहुधा एकच: सळईवर काँक्रीटचे पुरेसे पांघरूण नाही. स्लॅबला निदान २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर पांघरूण हवे. त्यासाठी सळयांखाली सिमेंटचे ठोकळे ठेवतात. गिट्टीचा तुकडा किंवा लाकडाची चीप ठेवून भागत नाही.

सहावे कारण ओझे आणि धक्का. सेंटरिंग लवकर काढणे हा याचा घरगुती प्रकार. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस हलवू नयेत, ही किमान मुदत. राखमिश्रित सिमेंटला त्याहून अधिक. धक्क्याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या काही भागांत, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, नेमक्या त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. धरण उभे राहिले. इंजिनियरांनी भेगांत दाबाने इपॉक्सी भरले, पोलादी तारांनी धरणाला ताणून बांधले आणि पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन ते मजबूत केले. यातून दोन धडे मिळतात. आकार जिथे एकाएकी बदलतो तिथे भेग प्रथम येते. म्हणूनच आपल्या घरात ती खिडकीच्या कोपऱ्यात दिसते. आणि भेग पडली म्हणजे सारे संपले असे नव्हे; कारण कळले तर इलाज होतो.

मग कोणती भेग सोडून द्यावी आणि कोणतीला भ्यावे? मानकाप्रमाणे ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग सामान्यतः चालते. ओल्या जागी ०.२ पर्यंतच. वहीचे तीन-चार कागद एकावर एक ठेवले म्हणजे ०.३ चा अंदाज येतो. गिलाव्यावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी निरुपद्रवी. काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ आडवी रेघही बहुधा निरुपद्रवी. दोन वेगळे पदार्थ, दोघांचे वागणे वेगळे. तिथे गिलाव्याआधी जाळी मारावी. पण कॉलमवरची उभी भेग, बीमच्या टोकाजवळची तिरपी भेग, पोटाशी लोंबू लागलेला स्लॅब आणि दर महिन्याला रुंदावणारी कोणतीही भेग, या चार गोष्टी दिसल्या की माणसे आधी बाहेर काढा आणि मग इंजिनियरला बोलवा. तिथे स्वतः सिमेंट भरत बसू नका.

भेग जिवंत की मेलेली, हे ओळखायला काचेची पट्टी पुरते. भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा आणि तारीख लिहा. काच फुटली तर भेग चालू आहे. किंवा भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख टाका. पुढच्या महिन्यात ती खुणेपलीकडे गेली का ते पाहा.

मेलेली भेग दुरुस्त करायची तर तिच्यावर नुसता सिमेंटचा हात फिरवून उपयोग नाही. छिन्नीने तिला खाच पाडा, धूळ पुरती काढा, ओली करा आणि पॉलिमर मिसळलेला माल ठासून भरा; मग पुन्हा तिला पाणी पाजा. भार घेणाऱ्या भागातली बारीक, खोल भेग असेल तर इपॉक्सी पंपाने भरावे लागते. ते जाणकाराचे काम. जिवंत भेगेत कडक माल भरला तर ती शेजारी दुसरी वाट काढते; तिथे रबरासारखे लवचिक भरण हवे. गंजाच्या भेगेत काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, सळई तारेच्या ब्रशाने लखलखीत करून, गंजरोधक लेप देऊन मगच नवा माल लावावा. सळई फार झिजली असेल तर तिच्या जोडीला दुसरी द्यावी. वरून गिलावा ओढणे म्हणजे आतला रोग झाकणे.

केसासारख्या काही भेगा ओल मिळाली तर आपण होऊनही भरतात. आतला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पुन्हा चुनखडी होतो. रोममधल्या पँथिऑनचा सळईविना ओतलेला घुमट सुमारे १९०० वर्षे उभा आहे. त्यालाही भेगा आहेतच.

शिक्षकांना एक विनंती. तुमच्या शाळेच्या इमारतीसाठी एक वही घाला. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, मोठ्या मुलांना बरोबर घेऊन फेरी मारा. कुठे भेग, किती लांब, किती रुंद, डाग आहे का, एवढे लिहून तारीख टाका. ‘इमारत धोकादायक वाटते’ अशा अर्जापेक्षा ‘तिसऱ्या वर्गाच्या बीमची भेग सहा महिन्यांत वीतभर वाढली’ या नोंदीकडे कानाडोळा करणे कचेरीलाही जड जाते. आणि त्या छताखाली रोज बसतात ती मुले आपलीच आहेत.

घर बांधणाऱ्यांना एवढेच सांगतो. कालवताना पाणी मोजून घाला, ओतल्यावर हात राखू नका. पहिले चौदा दिवस त्या स्लॅबची राखण करा. पुढे कित्येक वर्षे तो तुमची राखण करील.